सात वर्षांचा अनुभव, सकाळी नऊपासून

माझा डावा पाय कधीच मोडला नव्हता, पण त्या दिवशी त्याच्यावर गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि प्लास्टर अगदी खरं होतं. विनेशच्या धंद्यात सामान नेहमी अस्सल असायचं. खोटी असायची ती माणसं.

हा विनेश आमच्याच गावचा, पालीपासून चार कोसांवरचा. पूर्वी तो लग्नाकार्यात वाढपी पुरवायचा. मधे ते साथीचं वर्ष आलं, लग्नं बंद पडली आणि हॉस्पिटलं तुडुंब भरली. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. विनेशने वाढप्यांचे पांढरे शर्ट धुऊन घेतले, टेम्पो ट्रॅव्हलरवरची पाटी बदलली आणि नर्सेस पुरवायला लागला. माणूस हुशार. फक्त जिभेची सवय गेली नाही. हॉस्पिटलचा फोन आला की आधी विचारायचा, "किती पानं बसणार?" मग सावरून घ्यायचा, "म्हणजे, किती बेड?"

आणि आमच्या शेजारच्या तुकारामची मुलगी राही त्याच सुमाराला नर्सिंगची परीक्षा पास होऊन घरी आली. आमच्या गावाला सुई टोचणारं माणूस म्हणजे गुरांचा डॉक्टर एवढंच ठाऊक, त्यामुळे राहीला बघायला माणसं यायची ती दंडावरची बाही वर करूनच यायची. पोरगी लाजायची आणि म्हणायची, "अहो काका, तुम्हाला काही झालेलं नाहीये."

तिच्या शेवटच्या परीक्षेला मुरुडच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलातल्या नीराबाई सिस्टर परीक्षक होत्या. तीस वर्षं वॉर्ड हाकलेली बाई. त्यांनी राहीला पास केलं आणि वर सुनावलं, "पुस्तक पाठ आहे तुझं. हात कच्चा आहे. सुई धरतेस ती पेन धरल्यासारखी. येत्या एक तारखेला माझ्याकडे जागा रिकामी होतेय, ये. वर्षभर हाताखाली ठेवते. तोवर एकटीने कुणाच्या शिरेला हात लावू नकोस."

तिथला पगार ऐकून काशीने, म्हणजे राहीच्या आईने, हातातलं सूप खाली ठेवलं. "एवढ्यात आपला बैल पन कामाला उभा राह्यचा न्हाय."

हे बोलणं विनेशच्या कानावर गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो तुकारामच्या पडवीत चहा पीत होता. मीही होतो. तुकारामकडे चहा होतो तेव्हा मी असतोच.

"एक तारखेला अजून महिना हाय," विनेश म्हणाला. "तोवर माझ्याकडे ये की. टेन्शन काय? तिकडे वर्षभर एकाच वॉर्डात चादरींच्या घड्या घालशील. माझ्याकडे महिन्यात तीस हॉस्पिटलं. तीस! अनुभव म्हणतात तो याला."

"आणि तिथे मला काही अडलं तर सांगणार कोण, विनेशदादा?" राहीने विचारलं.

"तिथली सिस्टर सांगेल ना."

"आणि ती पण तुमच्याकडूनच आलेली असली तर?"

विनेशने बशीत उरलेला चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाला, "पोरगी तयार हाय, तुकारामकाका. उद्या साडेसहाला गाडी फाट्यावर येईल."

राही गेली. महिनाभराचाच तर प्रश्न, असं तिने स्वतःला समजावलं. दिवसाला जे मिळे ते बघून काशीचाही बैलाचा हिशेब थांबला. रोज सकाळी सहाला राहीच्या फोनवर मेसेज यायचा, आज अमुक गाव, तमुक हॉस्पिटल. काशी नळावर बायकांना सांगायची, "तुमच्या पोरी एका जागी नोकरीला. माझी एकवीस जागी हाय!" दोन स्थळंही चालून आली. त्यातल्या एकाने विचारलं, मुलगी कुठल्या हॉस्पिटलात असते? काशी म्हणाली, "सगळ्या."

पोरीचा चेहरा मात्र उतरत चालला होता. मी विचारलं तर म्हणाली, "तात्या, एकवीस दिवसांत मी एकवीस वॉर्डांत ब्लडप्रेशर मोजलं. एकाही माणसाचं दुसऱ्या दिवशीचं ब्लडप्रेशर मला माहीत नाही. नवीन बाई म्हणून औषधाच्या कपाटाची चावी कुणी देत नाही. चावी नाही म्हणून काम कुणी देत नाही. एका ठिकाणी तर दुपारी दोन वाजता विचारलं, तुम्ही पेशंटच्या नातेवाईक का?"

असं चाललं होतं तोवर विनेशला मोठी ऑर्डर आली. दर्जा तपासणारी एक समिती एकाच दिवसात तीन हॉस्पिटलं बघायला येणार होती: सकाळी पालीचं, दुपारी किहीमचं, संध्याकाळी अलिबागचं. तिन्ही मालकांना नर्सेस हव्या होत्या, त्याही अनुभवी. विनेशकडे पोरी होत्या अकरा. साधा माणूस म्हणाला असता, जमणार नाही. विनेशने तेहेतीस बिल्ले छापले.

पेशंटही त्यालाच पुरवायचे होते, कारण नवीन रंग लावलेल्या वॉर्डात कोणी आजारी पडायला तयार होत नव्हतं. गावातले आम्ही आठ जण निघालो. माझ्या वाट्याला मोडलेला पाय आला. माझा लंगोटीयार रघू, त्याला पोटदुखी मिळाली. "मला दम्याचा दे," रघू अडून बसला. "दमा मला जमतो."

"दम्याचे दोन झाले, काका. आणि हे बघा, सकाळी कोणी काही खायचं न्हाय. पेशंट ढेकर देताना बरा दिसत न्हाय."

पालीत सकाळी नऊला राहीच्या छातीवर बिल्ला लागला: अतिदक्षता विभाग प्रमुख, अनुभव सात वर्षं. पोरगी बावीस वर्षांची. म्हणजे ती पंधराव्या वर्षापासून अतिदक्ष होती. तिने विनेशला बाजूला घेऊन काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तो म्हणाला, "अगं, बोलायचं न्हाय, नुसतं उभं राह्यचं. नवरीच्या बाजूला करवली उभी असते तशी."

समिती आली. समितीचे प्रमुख देवव्रत साहेब. उंच, अत्तराचा वास, हातात जाड फाईल. प्रत्येक पेशंटपाशी थांबून फाईलमध्ये खूण करायचे. माझ्याजवळ आले. "काय झालं, आजोबा?"

"नारळाच्या झाडावरून पडलो."

"किती उंचावरून?"

आता खोटंच सांगायचं तर कंजुषी कशाला? "चाळीस फुटांवरून," मी म्हणालो. "खाली गाय होती म्हणून वाचलो."

"आणि गाय?"

"ती पण ॲडमिट आहे, पण दुसरीकडे."

साहेबांनी खूण केली आणि पुढे गेले.

ते चहाला बसले तशी विनेशने मागच्या दाराने आम्हाला गाडीत कोंबलं. अकरा नर्सेस, आठ पेशंट, चार सलाइनचे स्टँड आणि खिडकीबाहेर काढलेला माझा पाय. पोयनाडच्या अलीकडे बघतो तर रस्त्याच्या कडेला समितीची गाडी बॉनेट उघडून उभी, आणि देवव्रत साहेब आमच्या गाडीला हात करताहेत. आमच्यानंतर निघून पुढे कशी गेली, ते मला विचारू नका. आमचा ड्रायव्हर वाटेत वडापावला थांबला होता आणि आम्हाला वास घ्यायची परवानगी होती.

विनेशचा रंग उडाला. पण थांबावं लागलं. समिती चढली आणि साहेब नेमके माझ्या शेजारी बसले. समोर राही, तिच्या छातीवर अजून सात वर्षं. साहेबांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"तुम्ही सकाळचे नारळवाले ना?"

"व्हय."

"डिस्चार्ज मिळाला?"

"मगाशीच."

"एवढ्या लवकर?" साहेबांनी फाईल उघडून पालीच्या पानावर काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. रुग्ण जलद बरे होतात, असं होतं.

किहीमला नर्सेस आणि पेशंट मागच्या फाटकाने उतरले, समिती पुढच्या. माझं प्लास्टर काढायला वेळ नव्हता म्हणून मला हृदयरोगी केलं आणि पाय पांघरुणात घातला. राहीचा बिल्ला बदलला. आता ती शस्त्रक्रिया विभागात, अनुभव नऊ वर्षं. एका प्रवासात दोन वर्षं वाढली.

आणि तिथे, समिती दारातून आत येत असताना, शेजारच्या खाटेवर रघू बरळायला लागला.

मला वाटलं, पोटदुखी वठवतोय. "रघ्या, जरा कमी कर," मी पुटपुटलो. पण त्याचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि हात थरथरत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हशी सोडल्या का रं?" आम्ही म्हशी विकून बारा वर्षं झालीत.

राही धावत आली. "काका, तुम्हाला साखरेचा आजार आहे का?"

"हाय त्याला," मीच सांगितलं. "सकाळची गोळी घेतलीन. खाल्लं मात्र न्हाय. विनेशने नको सांगितलं."

तिने त्याचा हात हातात घेतला. थंडगार. "साखर उतरलीय! मशीन द्या, साखर बघायचं मशीन!" मशीन मिळालं. चकचकीत, नवं कोरं. त्यात घालायच्या पट्ट्या नव्हत्या. त्या प्रदर्शनाच्या यादीत नव्हत्या. "ग्लुकोजची बाटली कुठे असते इथे?" ती ओरडली. अकरा नर्सेस एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्या त्या इमारतीत वीस मिनिटांपूर्वी आल्या होत्या. राहीने एक खण उघडला, त्यात फिती आणि कात्री. दुसरा उघडला, त्यात समितीसाठीचे पुष्पगुच्छ. तिसऱ्यात कागदी नॅपकिन.

तेवढ्यात तिथले डॉक्टर आले. डॉक्टर खरे होते, पण दातांचे. मोठे डॉक्टर परदेशी गेलेले, त्यांचा कोट यांनी घातला होता. ते मागे सरकून म्हणाले, "सिस्टर, शिरेत लाईन लावा, लाईन! तुमचा तर नऊ वर्षांचा…"

राहीच्या हातात सुई आली. तिने रघूच्या मनगटावरची शीर चाचपली. माझ्या खाटेवरून मला तिची बोटं दिसत होती. सुई तिने पेन धरल्यासारखीच धरली होती. मग तिने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला येत नाही. मी पास होऊन महिनाच झालाय. एकटीने कधी लावलेली नाही. इथे कोणाला येते का?"

वॉर्डातले दम्याचे दोघेही दमायचे थांबले.

कोणाला येत नव्हतं.

राहीने चहूकडे बघितलं. देवव्रत साहेबांच्या हातात स्वागताचं कोकम सरबत होतं, नुकतंच ओठाला लावलेलं. तिने तो पेला त्यांच्या हातातून सरळ काढून घेतला. "रघूकाका, इकडे बघा. गिळता येतंय ना? घोट घ्या. अजून एक. सावकाश." एक पेला गेला, दुसरा गेला, समितीतल्या बाईंचाही गेला. पाचेक मिनिटं ती त्याचं डोकं आपल्या हातावर धरून बसली. मी देवाचं नाव घ्यायचा माणूस नाही, पण त्या पाच मिनिटांत बल्लाळेश्वराला मी दोनदा हाक मारली.

आणि मग रघू म्हणाला, "सरबतात मीठ जास्त हाय."

मी हसलो की रडलो ते आठवत नाही. राहीने ड्रायव्हरकडचे उरलेले दोन वडापाव मागवले आणि ते रघूने खाल्ल्याशिवाय ती तिथून हलली नाही. समितीला कोणी विचारत नव्हतं.

देवव्रत साहेबांनी फाईल मिटली. विनेश त्यांच्यापाशी जाऊन गयावया करू लागला, "साहेब, त्या पोरीचं मनावर घेऊ नका…"

"कशाचं मनावर? आणीबाणीची रंगीत तालीम फारच उत्तम. मी पूर्ण गुण दिलेत."

"आणि साहेब, ते… गाडीत सगळ्यांनाच तुम्ही…"

"अहो, आमच्या फॉर्ममध्ये चेहऱ्याचा रकाना नाही," साहेब म्हणाले. "अलिबागला निघायचं ना? मला खिडकीची जागा ठेवा."

विनेशचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या धंद्याला लागला. त्याने मला कोपऱ्यात घेतलं. "तात्या, रघूकाका हे रोज करू शकतील का? हॉस्पिटलवाले वेगळे पैसे द्यायला तयार हायत. राही सरबत पाजेल. तिला मी डबल देतो."

मी काही बोलायच्या आत रघूच उठून बसला. तो विनेशशी बोललाच नाही. राहीला म्हणाला, "पोरी, ही साखर मला सारखी तरास देते. उद्या दाखवायला येतो. उद्या तू कुठं असशील?"

राही म्हणाली, "सकाळी सहाला मेसेज येतो, काका. तेव्हा कळतं."

"मंग मी साडेसहाला चक्कर आणतो," रघू म्हणाला.

सगळे हसले. राही नाही हसली. तिने छातीवरचा बिल्ला काढून विनेशच्या हातात दिला आणि म्हणाली, "अलिबागला मी येत नाही. मला मुरुडची एस्टी कुठे मिळेल?"

"अगं, डबल म्हटलंय मी!"

"विनेशदादा, आज त्यांना गिळता येत होतं. नसतं आलं तर?"

विनेश सुरू असलेल्या गाडीत जाऊन बसला.

मुरुडला पुढे काय झालं ते मला तिने नंतर सांगितलं. एक तारखेला अजून दोन दिवस होते. नीराबाई वॉर्डात चादरींच्या घड्या तपासत होत्या. राहीला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आलीस? बरं केलंस. जागा आहे. पण ट्रस्टींनी गेल्या आठवड्यात ठराव केलाय, कायम माणूस घ्यायचं नाही. जे काय ते एजन्सीतून. आणि एक बाई सहा दिवसांच्या वर ठेवायची नाही, म्हणजे उद्या ती नोकरी पक्की करा म्हणायला नको."

"कुठली एजन्सी?" राहीने विचारलं, पण तिला ते ट्रॅव्हलरच्या पाटीसकट दिसत होतंच.

एवढी महिनाभर भटकून आलेली पोरगी, तिथल्या बाकावर बसली ती उठेचना. नीराबाईंनी तिला रडू दिलं, सगळं सांगू दिलं, तोवर स्वतः तीन चादरी घडी केल्या. मग विचारलं, "त्या माणसाने तुला एका दिवसात किती ठिकाणी उभं केलं?"

"दोन. तिसरं मी केलं नाही."

"वेगवेगळे बिल्ले लावून?"

"हो."

"म्हणजे बिल्ले छापायचं मशीन आहे त्याच्याकडे." नीराबाईंनी फोन काढला. "हॅलो, विनेश का? मुरुडहून नीरा सिस्टर बोलतेय. मला दर आठवड्याला एक नवी नर्स पाठव. वर्षभर. हो, दर सोमवारी नवं नाव, नवा बिल्ला, अगदी ठरावाप्रमाणे. नाव कुठलंही चालेल. पण बाई हीच पाहिजे. कोण म्हणून काय विचारतोस? तुझ्या बिल्ल्यांबद्दल मी कुणाला विचारत नाही ना अजून?"

पलीकडून विनेश म्हणाला, "सिस्टर, किती पानं?"

असं राहीला मुरुडचं एकच हॉस्पिटल मिळालं आणि नावं बावन्न. पहिल्या आठवड्यात ती सुचिता होती, मग क्षिप्रा, मग रुचिका. ट्रस्टी महिन्यातून एकदा फेरी मारायचे आणि एजन्सीवाल्या मुली किती शिस्तीत बदलतात म्हणून खूष व्हायचे.

माझी मुलगी अनुसूया मुरुडलाच दिलीय, नारळाच्या बागेत. पुढच्याच महिन्यात तिच्याकडे गेलो आणि सुकट खाण्यात जावयाशी पैज लावली. पैज जिंकलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जुलाबांनी माझ्यात उभं राहायची ताकद उरली नव्हती आणि अनुसूयेने मला रिक्षात घालून नेलं ते नीराबाईंच्या वॉर्डात. या खेपेला खाट खरी, पेशंटही खरा.

राही पुढे आली. बिल्ल्यावर त्या आठवड्यात रुचिता होतं. "तात्या, सलाइन लावायला लागेल."

"येतं का तुला?" मी विचारलं. इतका दमलो होतो तरी विचारलं.

"येतंय. शिकतेय." तिच्या मागे नीराबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पहिली सुई चुकली. मी जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. "अंगठा खाली घे," नीराबाई म्हणाल्या, "शीर ताणून धर, आणि माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्या हाताकडे बघ." दुसरी सुई गेली. नळीत थेंब पडायला लागले. राहीने पट्टी चिकटवली आणि कपाळ पुसलं. मीही पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वॉर्डात पहिलं कोण आलं असेल तर ती. सहाचा मेसेज आता तिला येत नव्हता. माझ्या खाटेशी वाकून तिने पट्टीच्या बाजूला बोट दाबून पाहिलं. हात फुगला होता, लिंबाएवढा.

"सुजलाय, तात्या," ती म्हणाली.

"मग? बिघडलं का सगळं?"

"नाही, काढून दुसऱ्या हाताला लावायची." ती अजून वाकूनच बघत होती, सुई कुठून सरकली ते. "मी लावलेली सुई दुसऱ्या दिवशी कशी दिसते, हे मी आज पहिल्यांदा बघतेय."

मागून नीराबाईंचा आवाज आला, "रुचिता, राही, जी कोण असशील ती! बघून झालं असेल तर त्या हाताला शेक दे, आणि डावा हात मोकळा कर."

मी डावा हात पुढे केला.